गप्प होईस्तोवर

“उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर,” गुरुजी म्हणाले.

मी धरला. म्हणजे मधल्या बोटाचं नख कानाच्या टोकाला लागलं. उंबरकर गुरुजी वाकले, माझ्या कानाकडे सोनाराच्या नजरेनं पाहिलं आणि म्हणाले, “पोचला.”

आमच्या गावात तेव्हा जन्माचे दाखले कुणाकडे नसत. माणूस कधी जन्मला हे फक्त त्याच्या आईला ठाऊक असे, तेही ज्वारीच्या काढणीच्या नाहीतर कुणाच्या तरी लग्नाच्या हिशेबानं. त्यामुळे सरकारला सहा वर्षांचं मूल हवं असलं की गुरुजी दारोदार फिरून कान धरायला लावत. हात पोचला की मूल सहा वर्षांचं झालं. नाही पोचला की ते आणखी वर्षभर पाचाचंच राही.

“अजून ल्हान हाय हो ती,” आई म्हणाली. आम्ही कासार. आई ओट्यावर बसून साळूमावशीच्या हातात बांगड्या भरत होती आणि साळूमावशी डोळे मिटून कळ सोसत होती.

“कायदा आहे, वहिनी. हात पोचला म्हणजे पोचला.”

“पोचला की, आई,” आतून आवाज आला. ही अक्का. माझी थोरली बहीण, द्वारका. गेला पंधरवडा ती रोज सकाळी माझ्या उजव्या हाताला तेल चोळून तो खांद्यापासून ओढत होती. मला वाटत होतं, हे मायेनं चाललंय.

गुरुजींनी दाराकडे पाहिलं. “काय द्वारके, तुझा पोचला का गं अखेर?”

सगळे हसले. साळूमावशीसुद्धा डोळे न उघडता हसली. ही गावातली जुनी गंमत होती. अक्का सहा वर्षांची झाली त्या साली तिचा हात कानाला पोचला नाही. पुढच्या साली पोचला नाही. त्याच्याही पुढच्या साली बोटभर अलीकडेच राहिला. चौथ्या वर्षी गुरुजींनी विचारणं सोडून दिलं, कारण तोवर ती पहिलीच्या पोरांपेक्षा हातभर उंच झाली होती. गावानं ठरवलं की कासाराच्या थोरल्या पोरीचे हात आखूड आहेत. त्याच हातांनी ती आढ्याच्या खुंटीवरच्या बांगड्यांच्या माळा टाचा न उचलता काढत असे, पण एकदा ठरलेली गोष्ट गाव पुन्हा तपासत नाही.

“आन् हिला न्यायचं-आणायचं कुणी?” आईनं विचारलं. “ह्यांना बाजार असत्यात. मला हितनं हलता येत न्हाई.”

“मी नेते,” अक्का म्हणाली. आईचं वाक्य संपायच्या आधीच.

गुरुजींनी माझं नाव लिहिलं, रत्नप्रभा, आणि जन्मतारीख एक जून टाकली. ते सगळ्यांना तीच तारीख देत. आजही दर एक जूनला मला बँकेकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. माझ्या वयाच्या अख्ख्या गावाला येत असाव्यात.

शाळा गावाच्या टोकाला होती आणि तिला लागून कोंडवाडा होता. दोन्ही ठिकाणी सरकारी नियमानं आणून कोंडत. फरक इतकाच की कोंडवाड्यातून दंड भरून सुटता येई.

पहिल्या दिवशी अक्कानं माझी वेणी इतकी घट्ट घातली की भुवया वर गेल्या. कोंडवाड्याच्या भिंतीपाशी ती थांबली, खाली बसली आणि माझे खांदे धरले.

“हे बघ. मी तुला आत सोडीन. मग मी निघीन. मी निघाले की तू रडायचं.”

“का?”

“मी सांगते म्हणून.”

“मला रडू येत नाहीये.”

“आणायचं.”

“आणि नाही आलं तर?”

अक्कानं कनवटीची पुरचुंडी सोडली. आत फुटक्या बांगड्यांचे तुकडे होते. साधे नव्हेत, सोनेरी रेघांचे, जांभळे, एक तर आत चांदणी असलेला. काचापाणी खेळणाऱ्या गावातल्या कुठल्याही पोरीनं त्या चांदणीसाठी सख्ख्या आईला ओळख दिली नसती.

“रोज एक,” अक्का म्हणाली. “चांगलं रडलीस तर.”

मी पुढे बऱ्याच नोकऱ्या केल्या, पण इतक्या स्पष्ट अटींवर मला कुणी कामावर घेतलं नाही.

त्या दिवशी मी रडले. सुरुवातीला हसू यायला लागलं तेव्हा अक्कानं निघता निघता दंडाला बारीकसा चिमटा घेतला, आणि मग गाडी रुळाला लागली. अक्का दारापर्यंत गेली. मी तिच्या नावानं टाहो फोडला. पोरं खडू-पाट्या सोडून बघायला लागली.

“अगं ए द्वारके,” गुरुजी वैतागून म्हणाले, “बस बाई जरा तिच्याजवळ. गप्प होईस्तोवर.”

अक्का परत आली. मागच्या भिंतीला टेकून, माझं बारदान मला ठेवून स्वतः जमिनीवर बसली. पदर घ्यायचं वय नव्हतं, तरी परकराचा काठ दोन्ही पावलांवर नीट ओढून घेतला. फळ्यावर ‘ग’ काढलेला होता. अक्का त्याच्याकडे बघत बसली. मी कधीच गप्प झाले होते, पण ते तिनंही कुणाला सांगितलं नाही आणि गुरुजींनीही विचारलं नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर ती उठली आणि पळत घरी गेली. भाकऱ्या थापायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. माझ्या रडण्यात सफाई आली. आधी ओठ काढायचा, मग नाक ओढायचं, मग अक्का उंबऱ्याशी पोचली की आवाज सोडायचा. गुरुजींचं वाक्यही ठरून गेलं, “बस बाई, गप्प होईस्तोवर.” पुढे पुढे ते हे हजेरी घेता घेता, त्याच सुरात म्हणत, जणू अक्काचं नाव पटावर असावं.

मला पाटीवर गिरवायचा कंटाळा होता. अक्का मागून माझा पेन्सिलीचा हात मुठीत धरी आणि गिरवी. हात माझा, जोर तिचा. ती काय लिहिते ते मी बघतही नसे. मी खिडकीतून कोंडवाड्यातल्या रेड्याकडे बघे. गुरुजी पाटी उचलून सगळ्या वर्गाला दाखवत. “बघा रे, गाढवांनो. एवढीशी पोर, रडत रडत कसं वळण काढते.” अक्का खाली मान घालून परकराची शिवण उसवल्यासारखी बोटानं चाचपत राही. कान मात्र लाल झालेले असत.

एके दिवशी मी रडायचं विसरले. शेजारच्या चंद्रीनं डबीत मखमली किडा आणला होता, त्या नादात. अक्का निघाली. दाराकडे जाताना तिची चाल अशी काही मंदावली की वाटावं, जमिनीत चिखल आहे. उंबऱ्याशी ती वाकली आणि पायातला नसलेला काटा काढायला लागली.

गुरुजी हजेरीत डोकं घालून बसले होते. ते वर न बघता म्हणाले, “रत्ना, आज रडायचं नाही का?”

मी दचकून किडा सोडला आणि भोकाड पसरलं.

“बस बाई,” गुरुजी म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं.

त्या दिवशी घरी जाताना मी अक्काला विचारलं, “गुरुजींना कळलंय?”

“काय कळायचंय?”

“तुला शाळेत बसायचं असतं ते.”

मला आपल्या हुशारीचा अंदाज आला होता, म्हणून मी पुढे गेले. “अक्का, तुझा हात खरंच पोचत नव्हता?”

“पोचायचा की.”

“मग?”

“आई म्हणाली होती, कानाच्या अलीकडं थांबायचं. तू झाली होतीस तेव्हा. आई जत्रंला गेली की तुला घ्यायला कोण?”

“तीन वर्षं सांगितलं?”

“पहिल्या वर्षी सांगितलं. दुसऱ्या वर्षी पण सांगितलं.” अक्कानं वाटेतला एक दगड पायानं कडेला सारला. “तिसऱ्या वर्षी सांगायचं इसरली.”

“मग?”

“मग काय? मी आपली थांबले. मला वाटलं, सांगितलंय.”

मी तेव्हा सहा वर्षांची होते, आणि त्या दिवशीचा तुकडा अजून मिळायचा होता. मी तो मागितला. तिनं दिला.

आम्ही ‘प’पर्यंत पोचलो होतो तेव्हा घात झाला, आणि तो माझ्या यशामुळेच झाला. मी इतकी चांगली रडत होते की गावात माझं नाव झालं. साळूमावशीचं घर शाळेसमोरच होतं. तिला सकाळी पहिल्यांदा कोंबडा ऐकू यायचा आणि मग मी. बांगड्या भरायला येणारी प्रत्येक बाई आईला माझी खबर देई.

“वाळली गं पोर रडून रडून.”

“दिष्ट लागलीया. मीठ-मिरच्या ओवाळ.”

“द्वारकीला तरी रोज किती येळ अडकून पडावं लागतंय. तुझं काम कोण करणार?”

हे शेवटचं आईला लागू पडलं. तिनं माझी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका सगळ्यांना आला, म्हणजे दृष्ट नव्हतीच, तरी तिचं समाधान झालं नाही. शनिवारी दादा, म्हणजे आमचे वडील, बाजार करून सायकलवरून परतले. आईनं ताट वाढता वाढता विषय काढला. दादांनी घास गिळला आणि निकाल दिला.

“राहू दे मग घरी. पोरीच्या जातीला काय करायचीया शाळा? एकीचं काय अडलं?”

‘एकी’ चुलीपुढे बसून भाकरी शेकत होती. तिनं भाकरी उलटली नाही. वास सुटला तेव्हा आई म्हणाली, “ध्यान कुठं हाय?”

मला शाळा आवडायला लागली होती. हे मी कुणाला बोलले नव्हते. रोज सकाळी रडणाऱ्या माणसानं ते बोलायचं कसं?

“आई,” अक्का म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “तिला काढू नको. ती न्हाई रडणार.”

“दोन महिनं रडतीया. आता काय जादू हुणार हाय?”

“मी सांगते तिला.”

आईनं तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. आई काही खुळी नव्हती. “तू बसतीस म्हणून ती रडती,” ती म्हणाली. “सोमवारी सोडायचं आन् मागं न बघता घरला यायचं. साळूबाई असंलच तिथं, ती सांगंल मला. न्हाई रडली तर जाऊ दे तिला. रडली तर दोघी घरात बसा, माझ्या डोळ्याम्होरं. आन् पुन्हा शाळेचं नाव काढायचं न्हाई.”

“बरं,” अक्का म्हणाली. तिनं करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

सोमवारी तिनं माझी वेणी सैल घातली. कोंडवाड्याच्या भिंतीपाशी आल्यावर पहिल्या दिवशीसारखी खाली बसली.

“आज रडायचं न्हाई.”

“मग तू कशी बसणार?”

“मला घरी काम हाय.”

“उद्या?”

“उद्या पण न्हाई रडायचं. कधीच न्हाई. रडलीस तर तुझी शाळा बंद. कळलं?”

“आणि माझा तुकडा?”

अक्कानं कनवटीची पुरचुंडी काढली आणि सगळीच्या सगळी माझ्या ओच्यात सोडली. चांदणीचा तुकडा ती इतके दिवस राखून होती, तोही त्यात होता. मला विश्वास बसेना. मी तो उन्हात धरून पाहिला. अक्का माझ्याकडे बघत होती आणि मी चांदणीकडे.

“आतापर्यंत सांगितल्यावर रडलीस,” ती म्हणाली, “आता सांगितल्यावर गप बस. काय?”

“हो.”

“मी गेले तरी.”

“हो म्हटलं ना.”

तिनं मला वर्गात नेलं. बारदान अंथरलं. पाटी पुसली. आधीच पुसलेली होती, तरी पुसली. मग दाराकडे निघाली. आज तिची चाल मंदावली नाही, भराभर गेली. उंबऱ्यावर पाय ठेवला.

“रत्ना,” गुरुजी हजेरीतून वर न बघता म्हणाले, “आज रडायचं नाही का?”

अक्काचा पाय उंबऱ्यावरच राहिला. तिनं मागं पाहिलं नाही. एक हात तेवढा चौकटीला लागला.

“नाही गुरुजी,” मी म्हणाले.

पोरं हसली. गुरुजींनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. गुरुजी एकच गोष्ट दोनदा विचारणाऱ्यांतले नव्हते. पाढासुद्धा ते एकदाच विचारत आणि मग छडी घेत.

“बघ बाई,” ते म्हणाले. “थोडंसं येत असलं तर.”

“नाही येत. अक्कानं सांगितलंय, रडायचं नाही.”

ओच्यातले तुकडे मी मुठीत गच्च धरले होते. ओठ घट्ट मिटले होते. आपण किती शहाण्या आहोत हे अक्कानं एकदा वळून पाहावं, एवढंच मला वाटत होतं.

चौकटीवरचा हात निघाला. अक्का गेली.

मी उठून खिडकीशी गेले. गुरुजींनी मला जाऊ दिलं. ती शाळेच्या पटांगणातून सरळ चालत होती. कोंडवाड्याच्या भिंतीच्या कोपऱ्यावर, जिथून वाट गावाकडे वळते, तिथं ती थांबली. पाठ आमच्याकडेच होती. ती कितीतरी वेळ तशीच उभी होती. मान किंचित कलती, परकर दोन्ही मुठींत धरलेला. मला वाटलं, मी शब्द पाळते की नाही, याची ती परीक्षा बघतेय. मी जोर करून आणखी गप्प राहिले. तेवढ्यात ती वळली. मी खिडकीच्या गजांतून तिला सगळे दात दाखवून हसले आणि मूठ उंच करून चांदणीचा तुकडा हलवला. तीही हसली असावी, इतक्या लांबून दिसलं नाही. मग ती कोपऱ्यापलीकडे गेली.

त्यानंतर मी शाळेत कधी रडले नाही. चौथी झाले, तालुक्याला गेले, सोलापूरला गेले. आता तिथल्याच एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. तिथं हजेरी घेताना रडायची पाळी माझ्यावर येते. अक्काचं लग्न बार्शीच्या एका कासाराच्या घरी झालं. तिला वाचता येत नाही म्हणणं चूक आहे. एसटीच्या पाट्या आणि दुकानांच्या पाट्या ती वाचते, पण ‘प’च्या पुढचं अक्षर आलं की थांबते आणि शेजारच्याला विचारते. ‘कापड’ येतं तिला. ‘पंढरपूर’मधला ‘र’ तिला चुलत सासूनं सांगितला.

गेल्या जूनमध्ये गावच्या शाळेनं मला पाहुणी म्हणून बोलावलं. प्रवेशोत्सव होता. हल्ली गावात मुलंच उरली नाहीत, म्हणून जी चार-सहा आहेत त्यांना ट्रॅक्टरवर बसवून, फुगे बांधून, हलगी लावून शाळेत आणतात. नव्या खोल्या झाल्यात, रंग झालाय. कोंडवाडा बंद पडलाय. त्याची भिंत मात्र आहे, कारण ती पाडायचा ठराव अजून मंजूर व्हायचाय. मी उशिरा पोचले. मोटार लांब लावून चालत निघाले, ते थेट त्या कोपऱ्यापर्यंत.

तिथं मला एका मुलाचं रडणं ऐकू आलं. पहिलीच्या वर्गातून येत होतं. अगदी स्पष्ट, हुंदका मोजता यावा इतकं. सरपंच मागून येत होते. त्यांच्याशी बोलायला म्हणून मी सहज चार पावलं गावाच्या बाजूला मागं गेले, आणि रडणं बंद झालं. पुन्हा पुढे आले, पुन्हा ऐकू यायला लागलं. भिंत आवाज अडवत होती. कोपऱ्यापर्यंत वर्गातलं सगळं ऐकू येतं. कोपरा ओलांडला की काही नाही. अक्का त्या दिवशी उभी होती ती याच जागी.

“काय झालं मॅडम?” सरपंचांनी विचारलं. “काही विसरलं का?”

मी म्हटलं, नाही.

भाषण मी काय केलं ते आठवत नाही. टाळ्या झाल्या, म्हणजे थोडक्यात केलं असावं. रात्री अक्काला फोन लावला. तिनं पाऊसपाणी विचारलं, माझे गुडघे विचारले, तिच्या नातवानं नवा मोबाईल फोडला ते सांगितलं. मग म्हणाली, “शाळा कशी केलीया?”

“छान केलीय. एक पोरगा फार रडत होता गं. काही केल्या थांबेना.”

“मग?”

“मग त्याची बहीण आली चौथीच्या वर्गातून. ती बसली त्याच्याजवळ.”

अक्कानं पलीकडचा टीव्ही बंद केला.

“बसू दिलं तिला?” अक्कानं विचारलं.